भाऊ, तुम्ही घेतलेली हजेरी

भाऊ,

आमचं घर तुम्ही कधी पाहिलं नाही. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला आमची आदिवासी वाडी. कारवीच्या काठ्यांच्या कुडाचा एक खण, शेणाने सारवलेला. भात कापून झालं की आसपास काम उरायचं नाही. दिवाळी झाली की आई दाराला दोरी बांधायची, कोंबड्या मावशीच्या हवाली करायची आणि आम्ही चौघं ट्रकमध्ये भांड्यांवर बसून भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचो. तिथे मुलांचं काम ठरलेलं. ओल्या विटा उन्हात मांडतात, एक बाजू वाळली की त्या उलटायच्या. हलका हात लागतो, म्हणून ते मुलांकडे. मी सहा वर्षांची असल्यापासून उलटल्या.

पहिलीत मी दोनदा बसले. जूनमध्ये नाव लागायचं, दिवाळीनंतर त्यावर लाल रेघ यायची. तिसऱ्या वर्षी आईने मला दिवाळीपर्यंत बसवलं आणि पुन्हा उचलून नेलं. चौथ्या वर्षी मावशीने मला आश्रमशाळेत टाकलं आणि आईला सांगितलं, "ही पोर मी परत देणार नाय." आईने ऐकलं. तिने ऐकलं म्हणून मी मुरबाडच्या कॉलेजातून बी.ए. झाले, मागोमाग डी.एड. केलं. आमच्या वाडीतली पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते. तुमच्या गावात शाळेवर रुजू झाले त्या दिवशी तुम्हालाही सांगितलं होतं.

तुम्ही म्हणालात, "बरं हाय. आता तुमच्यातल्या पण शिकायला लागल्या."

"तुमच्यातल्या." तो शब्द मी पदरात बांधून घरी नेला आणि बरेच दिवस ठेवला.

तुमचं तेरावं परवा झालं. मंडपात भाषणं झाली. कुणी तुम्हाला शिक्षणप्रेमी म्हटलं, कुणी वाडीचा आधार. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगते.

किन्हवलीच्या पुढच्या त्या शाळेत मी एकटीच. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी, त्यामुळे पहिली ते चौथी एकाच खोलीत. आणि तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष, सकाळचं दूध काढून झालं की कुंपणाबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसणार. "काय बाई, पोरं शिकवतायत का तुमी?" "बाई, आज आवाज नाय आला, डोळा लागला काय?" मास्तरकी ही सावलीतली नोकरी, हे तुमचं ठाम मत. वर्षभर मी ऐकून घेतलं. मग पालकसभेत कुणीतरी म्हणालं की पोरांना चार अक्षरं सांगायला असं काय लागतं. मी तिथेच म्हटलं, "काय लागतं ते बघायला या. दर शनिवारी एक जण."

नियम मीच केले. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत वर्ग पाहुण्याचा. आपली शेती, आपली सुतारकी शिकवायची नाही. ते सगळ्यांना येतं आणि सगळे त्याला टाळ्या वाजवतात. पुस्तकात जे आलं आहे तेच शिकवायचं, चारही इयत्तांना. मी मुलांमध्ये मांडी घालून बसणार आणि तोंड उघडणार नाही.

पहिला आला रवी, मुरबाडला जीप मारणारा. वीस मिनिटांत त्याच्याकडचं सगळं संपलं. त्याने माझ्याकडे बघितलं, "बाई, आता?" मी गप्प. मुलंच म्हणाली, "आता दुसरी राहिली, तिसरी राहिली, चौथी पण राहिली." सुटल्यावर घाम पुसत म्हणाला, "माळशेज घाट दहा वेळा चढवीन बाई, पण हे नको."

तुम्ही कट्ट्यावरून सगळं ऐकलं होतं. सोमवारी मला ऐकू जाईल असं म्हणालात, "काम रव्या करतो नि पगार बाई घेते. बरं हाय." माणसं हसली.

"मग तुम्ही या की भाऊ," मी म्हटलं. "अध्यक्ष आहात."

"येतो ना. आमाला काय भ्या हाय?"

आता खरं सांगते. मी तुम्हाला मान द्यायला बोलावलं नव्हतं. तुमची फजिती व्हावी म्हणून बोलावलं होतं. तुमची पोरांसमोर भंबेरी उडालेली मला बघायची होती, आणि "तुमच्यातल्या" म्हणणारं तोंड थोडं कोरडं पडलेलं. शुक्रवारी मी चौथीच्या गणिताचा मुद्दाम अवघड धडा काढून ठेवला होता.

तुम्ही आलात ते इस्त्रीचा सदरा घालून, टोपी सरळ करून. मी हजेरीपट पुढे केला. तुम्ही तो बाजूला सारलात. "हे कशाला? मला गाव पाठ हाय."

आणि होतंच पाठ. देवळाकडून सुरुवात केलीत, घरांच्या क्रमाने. "वरच्या आळीचा दिनेश, तुझा आजा पण असाच नाक ओढायचा, पूस. पाटलाची सविता. गो, तुझी बहीण आलीय ना बाळंतपणाला, पोरगा का पोरगी?" पट न बघता सोळा मुलं घेतलीत, प्रत्येकाला एक चिमटा. मुलं खूश. मला मनातून राग आला, कारण मी रुजू झाल्यावर ती नावं पाठ करायला मला महिना लागला होता.

मग तुमची नजर दारापाशी आली. गावाबाहेरच्या आदिवासी वाडीची मुलं तिथे बसायची. तुम्ही तिघाचौघांवरून नजर फिरवलीत, थांबलात, आणि हातानेच एक वळसा घालून म्हणालात, "आणि ही वाडीची. सगळी हाय."

सोमी उभी राहिली. तिसरीतली, तेव्हा पुढचे दोन दात पडलेले. "भाऊ, सगळी नाय. गणू नाय आला."

"कोण गणू?"

"गणू. मंगळ्याचा."

"मंगळ्याचा? आमच्या मंगळ्याचा?" तुम्ही खरोखर विचारात पडलात. "त्याला पोरगा हाय?"

"तीन हायेत," सोमी म्हणाली.

वर्गात हसू फुटलं. वरच्या आळीची मुलं हसली, वाडीचीही हसली. दिनेश तर मागे कलंडला. बारा वर्षं मंगळ्या तुमचं भात लावत होता, कापत होता, तुमच्या बैलांना नावाने हाका मारत होता. तुम्हाला तुमच्या बैलांचं सगळं माहीत होतं, त्याच्या पोरांचं काही नाही. मी हसायला तोंड उघडणार होते, ज्यासाठी हा सगळा घाट घातला होता ते समोर घडत होतं. हसू आलं नाही. का, ते त्या दिवशी कळलं नाही.

तुम्ही पट ओढून घेतलात, चष्मा लावलात आणि बोट ठेवून वाचायला लागलात. सोमी. बुधी. काळू. एकेक नाव वाचून मान वर करून चेहरा बघत होतात. गणूच्या नावापाशी आलात.

"का नाय आला?"

"सामान बांधतात त्यांची. उद्या ट्रक येणार."

"मंग परत कधी येल?"

"पावसाळ्याला."

"तवर काय करल?"

"विटा उलटल," सोमी म्हणाली. तिच्या बोलण्यात काही तक्रार नव्हती. काकडी कापतात, विटा उलटतात, तसं.

पुढचे तीन तास तुम्ही शिकवलंत. नीट झालं असं मी म्हणणार नाही. पहिलीला एक अक्षर गिरवायला दिलंत आणि विसरून गेलात. त्यांनी सगळी पाटी भरली, मग जमीन भरली. भागाकारात शेष उरला तो तुम्हाला पटेना, "कुणाला तरी देऊन टाका," म्हणालात. एक जण लघवीला गेला आणि त्याच्यामागे सात गेले. तुमचा आवाज बसला. पण तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत, रवीसारखं. शाळा सुटल्यावर खुर्चीत बसून पाणी प्यालात आणि विचारलंत, "ती वाडीची पोरं दारापाशी का बसतात?"

"बसतात आपली."

"तुमी बसवली?"

"नाही."

"उठवली?"

नव्हती उठवली, भाऊ. मीही लहानपणी दारापाशीच बसायचे. दार जवळ असलं की बरं वाटतं, कुणी ओरडलं तर निघता येतं. मी शाळेची बाई झाले, खुर्चीवर बसले, आणि तीन पावलांवर बसलेली माझीच रांग दीड वर्ष मला दिसली नाही. तुमची फजिती बघायला गेले आणि माझा कान पिळला गेला. सोमवारी मी मुलं मिसळून बसवली. तुम्हाला याचं श्रेय तेव्हा दिलं नाही. आज देते.

त्याच दुपारी तुम्ही म्हणालात, "चला बाई, वाडीवर. तुमच्या भाषेत सांगा त्यांना."

"माझी भाषा मराठीच आहे, भाऊ."

"तेच ते. चला."

मंगळ्याच्या दारात पातेली, गोधड्या, कोंबड्यांची टोपली. गणू गोधडीवर बसला होता. तुम्ही गेल्या गेल्या तोंड सोडलंत. "काय रे मंगळ्या, पोराला शाळेतून काढतो? लाज नाय?"

मंगळ्या तुमच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी त्याची बायको आणि अर्धी वाडी बघत होती. तो म्हणाला, "नेऊ नको तर ठेवू कुठं, भाऊ? तुमच्या वट्यावर?"

मला वाटलं, आता तुम्ही शिवी देणार. तुमचा चेहरा मी ओळखत होते. तुम्हाला कुणी भर लोकांत आव्हान दिलं की तुम्ही मागे सरत नसायचात, ग्रामपंचायतीत असो की बैलाच्या बाजारात.

"ठेव," तुम्ही म्हणालात.

मंडपात परवा कुणीतरी म्हणालं की तुमच्या मनात करुणा जागी झाली. मी तिथे होते. करुणा नंतर आली असेल. त्या क्षणी तुम्ही हट्टाने बोललात, आणि बोललेलं खरं करणं हा तुमचा हट्ट होता. मला तो जास्त आवडतो. करुणेचा भरवसा नसतो.

त्या वर्षी चार मुलं तुमच्या पडवीत राहिली. पडवीतला नांगर आणि जू उचलून गोठ्यात ठेवलं. काकी आठ दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या, एवढंच, "ह्यांनी बोलायचं नि मी रांधायचं. तुमचं शिक्षण चांगलं हाय बाई."

पाचव्या दिवशी गणू आईसाठी रडून तापाने फणफणला. तुम्ही त्याला रवीच्या जीपमध्ये घातलंत आणि भिवंडीकडे भट्टीवर नेऊन आईला भेटवलंत. येताना तो रडतच होता, तरी परत आणलंत. ते बरोबर केलंत का, मला आजही सांगता येत नाही. मावशीने मला नेलं तेव्हा मीही अशीच रडले होते, आणि आईही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत आलात, कट्ट्यावर न बसता आत. "बाई, तुमी पण उलटल्या विटा?"

"हो."

"किती वर्सं?"

"तीन."

"हं," म्हणालात. मग चहा मागितलात. त्यानंतर "तुमच्यातल्या" हा शब्द तुमच्या तोंडून मी ऐकला नाही. माफी मागितली नाहीत. मला नकोही होती.

आपलं मोठं भांडण ताटांवरून झालं. पडवीतल्या मुलांची ताटं वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा. मी म्हटलं, "भाऊ, यांच्या आयांनी लावलेला भात तुम्ही खाता. तो चालतो?"

"बाई, एका वर्सात सगळं मागू नका."

"मी मागत नाही. दाखवते."

"मंग बघून झालं माझं."

होळीपासून जूनपर्यंत आपण बोललो नाही. समितीच्या कागदांवर तुम्ही सही करून ते सोमीकडून परत पाठवायचात. त्यातच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव होता, मुलांचं जेवण सरकारकडून मिळावं म्हणून. तुम्ही त्यावर न वाचता सही केलीत असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, तुम्ही तो घेऊन शहापूरला दोनदा जाऊन आला होतात, एसटीने, आणि मला कळू दिलं नव्हतं. भांडण चालू असताना ते सांगणं म्हणजे हार, असं असावं तुमचं.

दुसऱ्या वर्षी सात मुलं राहिली आणि हंडा एक झाला. एक दिवस दुसरा हंडा दिसेनासा झाला. ताटं मात्र वेगळीच राहिली. मी दर महिन्याला विषय काढायचे, तुम्ही दर महिन्याला गाईला पेंढा घालायला उठायचात. त्या भांडणाचा निकाल लागला नाही. मेलेल्या माणसाशी वाद जिंकला असं म्हणायला मला आवडणार नाही, आणि सोडून दिला असंही म्हणणार नाही.

शनिवार मात्र तुम्ही सोडले नाहीत. महिन्यातून एक तुमचा. पहिल्यांदा राहिलेला धडा पूर्ण करायचा म्हणून आलात आणि येत राहिलात. दर वेळी पट वाचायचात, बोट ठेवून, पाठ झाल्यावरसुद्धा. गावातली इतर माणसंही यायला लागली. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या, काकी एकदा आल्या आणि पहिलीच्या मुलांना बघून म्हणाल्या, "ह्यांना एका जागी बसवायचं? वासरं बरी." कट्ट्यावरून टोमणे यायचे बंद झाले. ज्याने एक शनिवार उभं राहून काढला होता तो नव्या टोमणेवाल्याला गप्प करायचा.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या पायरीवर बसून तुम्ही मला विचारलं होतं, "बाई, खरं सांगा. पयल्या शनवारी मला पोरांसमोर पाडायलाच बोलावलं होतं ना?"

मी म्हटलं, "नाही हो, भाऊ. असं कसं?"

तुम्ही माझ्याकडे बघून नुसते हसलात आणि पावसात निघून गेलात. मी खोटं बोलले. तुम्हाला ते कळलं, हेही मला कळलं. खरं सांगायला पुढचा शनिवार होताच, त्याच्या पुढचा होता. मग तुम्ही गवताची गंजी रचताना खाली बसलात ते उठलाच नाहीत, आणि सांगायचं राहिलं.

मंगळ्या भट्टीवरून तुमच्या अंत्ययात्रेला आला. स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा राहिला, ढोपरापर्यंत माती तशीच. दुसऱ्या दिवशी शाळेत आला. "बाई, पोरांना घेऊन जातो."

मी कारण विचारलं.

"ज्याच्या शब्दावर ठेवली तो गेला. आता कुणाच्या वट्यावर ठेवू? काकीला आमी काय सांगणार?"

सोमी आता सहावीत आहे, किन्हवलीच्या हायस्कूलला जाते, राहते तुमच्या पडवीतच. गणू चौथीत. मंगळ्याने दोघांच्या पिशव्या बघितल्या आणि बाकीच्या नऊ जणांना सांगितलं, तुमच्या आयांनीही तुम्हाला आणायला सांगितलंय. ट्रक नव्हता, पण रवीची जीप होती, आणि अकरा मुलं जीपमध्ये दोन खेपांत मावतात. मी बोलायला लागले, शाळा, परीक्षा, शासनाचा नियम. माझं पुस्तकी बोलणं मलाच ऐकू येत होतं. मंगळ्या मान हलवत होता आणि ऐकत नव्हता.

मी त्याला घेऊन तुमच्या घरी गेले. सुतकाचं घर, माणसं बसलेली, काकी भिंतीला टेकून. मला तिथे हे काढायला लाज वाटली, तरी काढलं. मंगळ्याने जमिनीकडे बघत तेच सांगितलं, ज्याच्या शब्दावर ठेवली तो गेला.

तुमची बहीण म्हणाली, "आता कशाला वयनी तुला हा व्याप? पाठव पोरांना आईबापाकडं."

"शब्द त्यांचा होता," काकी म्हणाल्या. "तीन वर्सं चूल कुणाची होती?"

मग त्या मंगळ्याकडे वळल्या.

"मंगळ्या, तू जा तुझ्या कामाला. पोरं हितंच राहतील. नि जाताना त्या गणूला सांग, गाईला पाणी दाखवलं नाय अजून त्यानं."

ताटांचं मी त्या दिवशी काढलं नाही. काढीन. आता तो वाद काकींशी आहे, आणि त्या उठून पेंढा घालायला जात नाहीत, तोंडावर उत्तर देतात.

मंगळ्या एकटाच भट्टीवर परत गेला. या वर्षी वाडीतलं एकही मूल विटा उलटायला गेलं नाही. अकराही जण शाळेत आहेत.